अण्णांचं मॉर्फिन आणि ७ दिवसांची गैरहजेरी

जुळेसोलापूरकरीण · मंगळवार, रात्री ११:१२

विषय संडासाचा आहे, जेवताना वाचू नका.

सासऱ्यांना (आम्ही सगळे अण्णाच म्हणतो) प्रोस्टेटचा कॅन्सर आहे, हाडांत उतरलाय. वय ७४, सगळी उमर गिरणीत गेली, जॉबर (मागावरच्या कामगारांचे मुकादम) होते. मागच्या महिन्यात कंबरेचं दुखणं इतकं वाढलं की रात्रभर कण्हायचे. मग डॉक्टरांनी मॉर्फिन सुरू केलं, १० मिलिग्रॅमची गोळी दर ४ तासांनी. तिसऱ्या रात्री माणूस कूस बदलून झोपला. आम्हाला वाटलं, सुटलो.

आज ७ दिवस झाले, अण्णांना संडासला झालेलं नाही. ते त्याला 'हजेरी' म्हणतात, गिरणीची सवय. रोज सकाळी विचारलं की म्हणायचे, "आज पण खाडा." पहिले ३ दिवस आम्ही हसलो. कालपासून जेवण बंद, पोट टम्म. आणि आज दुपारी अचानक पातळ सुरू झालं, दोनदा तर अंथरुणातच. मिस्टर म्हणाले, चला, सुटलं एकदाचं. आता शेजारच्या काकांनी जुलाब थांबायची गोळी आणून दिलीय, लोपामाइड. देऊ का?

आणखी एक. संध्याकाळची मॉर्फिनची गोळी अण्णांनी थुंकून टाकली. म्हणाले, "दुखणं सोसतो, पण हे सोसायचं नाही मला."

पार्कचौकवाला · रात्री ११:२४

ताई, थांबा जरा. गड्ड्याच्या जत्रेत भजी बाधली म्हणून मी ती गोळी दिवसातून चारदा खाल्ली होती. पुढचे ४ दिवस जाम झालतो बे. म्हाताऱ्या माणसाला अशी अंदाजाने नका देऊ.

नव्यापेठेतली_काकू · रात्री ११:३१

इसबगोल द्या गं गरम दुधातून, दोन चमचे. आमच्याकडे तेच चालतं. नाहीतर एरंडेल.

भूलवाली · रात्री ११:५२

मी भूलतज्ज्ञ आहे, वेदनेची ओपीडी बघते. ताई, लोपामाइड अजिबात देऊ नका. इसबगोलही नको. काकू, रागावू नका, कारण उद्या सांगते.

७ दिवस काही नाही आणि मग एकदम पाण्यासारखं, तेही नकळत, म्हणजे बहुतेक वेळा जुलाब नसतात. मलाशयात मळाचा घट्ट खडा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेने वरचं पातळ झिरपत येतं. त्यावर लोपामाइड दिलं तर दाराला आणखी एक कुलूप लागतं.

आत्ता फक्त एवढ्याची उत्तरं द्या. उलट्या आहेत का? वारा सरतोय का? पोटात पीळ पडल्यासारख्या कळा येतात का? लघवी नीट होते का? आणि पायांत ताकद आहे ना, की दोन-तीन दिवसांत पाय लटपटायला लागलेत?

जुळेसोलापूरकरीण · बुधवार, रात्री १२:०३

उलटी नाही, पण मळमळ आहे. वारा सरतो. कळा नाहीत, गच्च वाटतं म्हणतात. लघवी थेंब थेंब, जोर लावावा लागतो. पाय ठीक आहेत, मघाशी धरून मोरीपर्यंत चालत गेले. पायाचं का विचारलंत?

भूलवाली · रात्री १२:१५

हाडांत गेलेला प्रोस्टेटचा कॅन्सर मणक्यात मज्जारज्जूवर दाब आणू शकतो. तेव्हा पायांची शक्ती जाते, लघवी तुंबते आणि पोटही साफ होत नाही. अशा वेळी एक-एक तास मोलाचा असतो. पाय चांगले आहेत हे ऐकून बरं वाटलं, तरी रोज बघत जा. लघवी थेंबाथेंबाने होण्याला प्रोस्टेट आहेच, पण मॉर्फिनने आणि भरलेल्या मलाशयाच्या दाबानेही तसं होतं.

सकाळी उठल्याबरोबर त्यांना दवाखान्यात न्या, बोटाने तपासणी करायला सांगा. लाजू नका, अण्णांनाही लाजू देऊ नका. रात्रीतून उलट्या सुरू झाल्या, वारा बंद झाला किंवा कळा आल्या तर सकाळची वाट बघायची नाही. तोवर तोंडावाटे रेचक, म्हणजे पोट साफ करणारं औषध, काही नको. मॉर्फिन मात्र थांबवू नका. त्यांनी नाहीच म्हटलं तर ज्यांनी सुरू केलं त्यांना फोन करा.

जुळेसोलापूरकरीण · बुधवार, संध्याकाळी ६:४०

तुम्ही म्हणालात तेच निघालं. सिस्टरांनी बोटाने तपासलं, खडा होता. आधी ग्लिसरीनची कांडी (गुदद्वारातून सरकवतात ती), मग एनिमा, मग थोडं हातानेच काढावं लागलं. त्याआधी दुखू नये म्हणून मॉर्फिनची जादा गोळी दिली. अण्णांनी तोंडावर टॉवेल ओढून घेतला होता. बाहेर आले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं, पण रिक्षात बसल्यावर म्हणाले, "लागली एकदाची हजेरी. ओव्हरटाइमसकट."

लघवीही मोकळी झाली. आता मला कारण कळायला हवं. मॉर्फिन सुरू करताना आम्हाला मळमळीची गोळी लिहून दिली होती, पोटासाठी काहीच नाही. कुणाला दोष देत नाही, पण एक ओळ कुणी बोललं असतं तर बरं झालं असतं.

भूलवाली · बुधवार, रात्री १०:३०

ही एक ओळ बोलायची राहते ती नेहमीच. दुखण्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं, पोट कुणाच्या ध्यानात नसतं.

मॉर्फिन ज्या ठिकाणी चिकटून काम करतं त्याला म्यू रिसेप्टर म्हणतात. ते मेंदूत आणि पाठीच्या कण्यात असतात तसे आतड्याच्या भिंतीतही भरपूर असतात. आतड्याला स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं असतं, कोट्यवधी पेशींचं, आणि ते मेंदूला न विचारता आपलं काम करत असतं. मॉर्फिन तिथे बसलं की अन्न पुढे ढकलणाऱ्या लाटा मंदावतात. आतडं जागच्या जागी आवळत राहतं, पण माल पुढे जात नाही. जठराचं तोंड, लहान आणि मोठ्या आतड्यामधली झडप, गुदद्वाराचा स्नायू, सगळे घट्ट होतात. आतड्यात पाझरणारं पाणी कमी होतं. मळ जितका वेळ आत राहील तितकं त्यातलं पाणी शोषलं जातं. म्हणून खडा.

शिवाय मलाशय भरलंय ही जाणीवच बोथट होते. अण्णांना 'लागली' असं वाटतच नसणार.

आता महत्त्वाचं. मॉर्फिनने येणारी गुंगी आणि मळमळ बहुतेकांत काही दिवसांत ओसरते, शरीर सरावतं. आतडं मात्र सरावत नाही. महिनाभराने आपोआप सुटेल असं होत नाही. म्हणून रेचक मॉर्फिनच्या पहिल्या गोळीसोबतच सुरू करायचं आणि मॉर्फिन आहे तोवर चालू ठेवायचं.

टॉवेलवाला_एमआयडीसी · बुधवार, रात्री १०:५८

म्हणजे शटल खटाखट चालू आहे, पण कापड रुळावर गुंडाळलंच जाईना. बरोबर का, डॉक्टर? अण्णांना असं सांगा, जॉबरला लगेच कळेल.

भूलवाली · रात्री ११:०१

हे मी आता ओपीडीत वापरणार.

नव्यापेठेतली_काकू · गुरुवार, सकाळी ७:१५

रागावले नाही गं. पण इसबगोल का नको ते राहिलं सांगायचं.

भूलवाली · गुरुवार, दुपारी २:२०

काकू, इसबगोल फुगतं, त्याने मळाचा आकार वाढतो आणि निरोगी आतडं तो पुढे ढकलतं. इथे ढकलणाराच झोपलाय. त्यात अण्णा दिवसाला दोन तांबे पाणीसुद्धा पीत नसणार, आणि सोलापूरचा एप्रिल. कमी पाण्यात इसबगोल आत लगद्यासारखं बसतं आणि अडथळा वाढवतं. हिंडत्याफिरत्या, पाणी पिणाऱ्या माणसाला ते उत्तमच आहे. तोच न्याय भाकरीला. खाता येईल तेवढी खाऊ द्या, पण 'चोथा वाढवा' म्हणून मागे लागू नका.

एरंडेलाने कळा फार येतात, या अवस्थेत नको. पण तुमच्या घरातली सोनामुखी चालते! दवाखान्यात सेन्ना म्हणून जी गोळी देतो ती तीच. जगभर जाणारी बरीचशी सोनामुखी आपल्याच देशातून जाते, तमिळनाडूच्या तिरुनेलवेली भागातली तर नावाजलेली. फक्त पानं उकळून किती अर्क उतरला ते मोजता येत नाही, म्हणून मोजलेली गोळी बरी.

जुळेसोलापूरकरीण · गुरुवार, रात्री ९:४५

आज डॉक्टरांनी हे लिहून दिलंय: रात्री बिसाकोडिलच्या ५ मिलिग्रॅमच्या २ गोळ्या आणि सकाळी पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पुडी पेलाभर पाण्यातून. दोन्ही कशाला? आणि मेडिकलवाला म्हणाला, लॅक्टुलोजचं सिरप घ्या, तेच जास्त चालतं.

भूलवाली · गुरुवार, रात्री १०:१०

दोघांची कामं वेगळी. बिसाकोडिल किंवा सोनामुखी आतड्याला ढोसतं, 'ऊठ, ढकल'. रात्री घेतलं की ६ ते १२ तासांत काम करतं, म्हणजे सकाळी. पुडी आतड्यात पाणी धरून ठेवते आणि मळ मऊ राहतो. नुसतं मऊ करून भागत नाही, कारण मऊ झालेलं पुढे जात नाही. नुसतं ढोसलं तर खड्यावर आपटून कळा येतात. लॅक्टुलोजही पाणीच ओढतं, पण गोड आहे, गॅस धरतो आणि परिणामाला एक-दोन दिवस लागतात. पोट आधीच फुगलेल्याला मी पुडी देते. परवडण्याचा प्रश्न असेल तर लॅक्टुलोजही चालेल.

बिसाकोडिलची गोळी चावायची नाही, दुधाबरोबर घ्यायची नाही. नाहीतर तिच्यावरचं आवरण जठरातच विरघळतं आणि मग पोटात आग पडते.

मळमळीची गोळी कोणती आहे? आणि आणखी काय काय चालू आहे ते सगळं लिहा. टॉनिकसुद्धा.

जुळेसोलापूरकरीण · गुरुवार, रात्री १०:२२

ऑन्डान्सेट्रॉन, दिवसातून ३ वेळा. लोहाची गोळी. कॅल्शियम. झोपेसाठी अमिट्रिप्टिलिन १०.

भूलवाली · गुरुवार, रात्री १०:२६

चारही पोट बांधणारी! ऑन्डान्सेट्रॉन केमोच्या उलट्यांवर फार छान औषध आहे, पण बद्धकोष्ठ हा त्याचा ठरलेला त्रास. मॉर्फिनच्या मळमळीला मेटोक्लोप्रमाइडसारखं, जठर पुढे रिकामं करणारं औषध बहुतेकदा जास्त बरं पडतं. मात्र आतड्यात अडथळा असेल तर ते चालत नाही. तुम्ही मनाने काही बंद करू नका. ही यादी कागदावर लिहून डॉक्टरांपुढे ठेवा आणि 'यातलं काय कमी करता येईल' एवढंच विचारा. कॅल्शियमची गोळी कदाचित हाडांच्या इंजेक्शनसाठी दिलेली असेल, म्हणून परस्पर थांबवायची नाही.

टॉवेलवाला_एमआयडीसी · शुक्रवार, पहाटे ५:५०

रात्रपाळी संपली, आता माझं ऐका. मला कॅन्सर नाही, गुडघे. १२-१२ तास मागावर उभं राहून गेलेत. ट्रॅमाडॉल-पॅरासिटामॉलची गोळी एकदा लिहून दिलेली, मी ५ महिने खात बसलो. पोट गच्च, कुंथून कुंथून चीर पडली, रक्त. मूळव्याधवाल्याकडे गेलो. मलम दिलं, पथ्य सांगितलं, मिरची बंद, शेंगाचटणी बंद. सोलापुरात राहून शेंगाचटणी बंद! गोळ्या कोणत्या खाता हे त्याने विचारलं नाही आणि मीही बोललो नाही. मला काय माहीत गुडघ्याच्या गोळीचा आणि खालच्या दाराचा संबंध.

मग चिडून एक दिवस गोळीच बंद केली. दुसऱ्या दिवशी जुलाब, नाक गळतंय, घाम, अंगावर काटा. वाटलं साथ आली.

भूलवाली · शुक्रवार, सकाळी ८:४०

दादा, ती साथ नव्हती, गोळी तुटल्याचा त्रास होता. इतके महिने दाबून ठेवलेलं आतडं एकदम मोकळं सुटतं. ट्रॅमाडॉल मॉर्फिनपेक्षा सौम्य, पण जात तीच. कोडीनचं खोकल्याचं औषध आणि टॅपेन्टाडॉलही त्याच भावकीतले. बंद करायची ती टप्प्याटप्प्याने, डॉक्टरांना सांगून.

मेडिकलवाला_सातरस्ता · शुक्रवार, दुपारी ३:०५

काउंटरच्या अलीकडून थोडं. ट्रॅमाडॉल २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलंय. तरी लोक जुनी, फाटकी चिठ्ठी घेऊन येतात आणि नाही म्हटलं की भांडतात. मॉर्फिन तर आम्हा साध्या दुकानदारांकडे नसतंच. १९८५ च्या कायद्यानंतर परवान्यांची इतकी भानगड होती की दवाखानेसुद्धा ठेवायला घाबरायचे. २०१४ ला दुरुस्ती झाल्यावर मान्यताप्राप्त संस्थांना सोपं झालं. म्हणून ताई, मिळतंय तर ते सोडू देऊ नका. गावाकडे पॅरासिटामॉलवर तळमळणारे कॅन्सरचे पेशंट मी बघितलेत.

आणि लोपामाइड आमच्याकडे शेंगदाण्यासारखं खपतं, हेही कबूल.

भूलवाली · शुक्रवार, रात्री ९:१५

लोपामाइडची गंमत सांगते. ते मॉर्फिनच्याच कुळातलं, म्हणजे ओपिऑइडच आहे. पण मेंदूच्या वेशीवर एक पंप असतो, तो त्याला नेहमीच्या डोसात आत येऊ देत नाही. त्यामुळे ना गुंगी ना वेदनाशमन, नुसतं आतडं बंद. अफूच्या दुष्परिणामालाच औषध करून विकलंय. आपल्याकडे हगवणीवर अफूची गुंजभर गोळी द्यायचेच की पूर्वी.

नव्यापेठेतली_काकू · शुक्रवार, रात्री ९:४०

द्यायचे. माझी आजी विड्या वळायला जायची. ती सांगायची, बायका तान्ह्या लेकरांना बाळगोळी देऊन निजवायच्या आणि कामाला बसायच्या. त्यात अफूच असायची. लेकरं झोपायची, पण पोटं नगाऱ्यासारखी. काही उठायचीच नाहीत.

पुण्यातला_सोलापुरी · शनिवार, सकाळी १०:००

मी औषधकंपनीत आहे, एक प्रश्न. मॉर्फिनची फक्त पोटातली क्रिया उलटवणारी औषधं आली आहेत ना? मिथाइलनाल्ट्रेक्सोन वगैरे. मग एनिमा आणि बोटाने काढणं हे २०व्या शतकातलं का चालू आहे?

भूलवाली · शनिवार, दुपारी १:३०

आहेत, आणि त्यांची गोष्ट अण्णांसारखीच आहे. शिकागो विद्यापीठात लिओन गोल्डबर्ग नावाचे औषधशास्त्रज्ञ होते. त्यांच्या एका सहकारी मित्राला प्रोस्टेटचा कॅन्सर होता, हाडांत गेलेला. तो बद्धकोष्ठाला कंटाळून मॉर्फिन नाकारायचा. गोल्डबर्गांनी मॉर्फिनच्या उताऱ्याच्या रेणूला असं शेपूट जोडायचं ठरवलं की तो मेंदूत शिरूच नये. म्हणजे पोटातलं कुलूप उघडेल, पण वेदनाशमन तसंच राहील. ते स्वतः १९८९ ला गेले. औषधाला अमेरिकेत मंजुरी मिळाली २००८ ला. पुढे २०१४ ला नॅलॉक्सेगॉल आणि २०१७ ला नाल्डेमेडिन, या गोळ्या आल्या. मिथाइलनाल्ट्रेक्सोनचं इंजेक्शन लागू पडलं तर बऱ्याच जणांना ४ तासांच्या आत होतं.

पण दोन रेचकं नीट, रोज, पुरेशा डोसात दिली तर पुष्कळांना याची गरज पडत नाही. ती हरली तरच ही औषधं. किंमत आहेच, आणि आतड्यात अडथळा असेल तर धोका आहे, आतडं फाटू शकतं. विसाव्या शतकातली म्हणून हिणवू नका. बोटाने तपासल्याशिवाय खडा कळलाच नसता.

जुळेसोलापूरकरीण · सोमवार, रात्री १०:२०

ऑन्डान्सेट्रॉन बदललं, लोह तूर्त बंद. शुक्रवारी थोडं झालं, शनिवारी खाडा, रविवारी पाणीच पाणी झालं. घाबरून मी पुडी बंद करणार होते.

भूलवाली · सोमवार, रात्री १०:४१

बंद नको, कमी. अर्धी पुडी करून डॉक्टरांना कळवा. एकदम थांबवलं की चौथ्या दिवशी पुन्हा खडा आणि पुन्हा तीच वरात. रोजच व्हायला हवं असं नाही, एक-दोन दिवसांआड मऊ, न कुंथता झालं तरी पास. तिसरा दिवस कोरडा गेला की कांडी.

आणि वेळ साधा. चहा-नाश्ता पोटात गेला की मोठं आतडं आपोआप थोडं हलतं, त्यानंतर २०-३० मिनिटांत बसवा. पायाखाली पाट द्या, गुडघे कमरेपेक्षा वर आले पाहिजेत. दार लोटून घ्या आणि बाहेर उभं राहून 'झालं का, झालं का' करू नका.

जुळेसोलापूरकरीण · सोमवार, रात्री १०:४८

शेवटचं वाक्य मिस्टरांना वाचून दाखवलं.

पार्कचौकवाला · मंगळवार, दुपारी १२:३०

का बे पुणेकर, गप झालास?

बार्शीरोड · बुधवार, रात्री ८:१०

पहिल्यांदाच लिहितोय. माझ्या आईला गोळी गिळवत नाही म्हणून उद्यापासून फेंटानिलचा पॅच लावणार आहेत. पॅचमध्ये औषध पोटात जातच नाही, मग हा त्रास होणार नाही ना?

भूलवाली · बुधवार, रात्री ८:३५

होतो. औषध कातडीतून रक्तात आणि रक्तातून आतड्याच्या त्याच म्यू रिसेप्टरवर जातं. मॉर्फिनच्या गोळीपेक्षा त्रास जरा कमी दिसतो, पण दिसतोच. पॅच लावतानाच रेचकाचं विचारा. गिळवत नसेल तर पातळ औषध किंवा कांडी सुचवतील.

आणि आपल्या गावासाठी खास. पॅचवर उष्णता लागली की औषध भराभर रक्तात उतरतं. गरम पाण्याची पिशवी नको, पॅच लावलेला भाग उन्हात नको, पत्र्याच्या खोलीत दुपारी झोपवू नका. ताप आला तर लगेच डॉक्टरांना फोन करा. आई फार गुंगीत वाटली, श्वास संथ झाला, तर तसंच उचलून दवाखान्यात.

बार्शीरोड · बुधवार, रात्री ८:४०

घर पत्र्याचंच आहे. खालच्या मजल्यावर भावाकडे हलवतो. आभारी आहे.

जुळेसोलापूरकरीण · रविवार, सकाळी ९:०५

औषधांसाठी मी एक वही केली होती: वेळ, गोळी, दुखणं १० पैकी किती. अण्णांनी परवा ती मागून घेतली आणि पट्टीने रेघ मारून स्वतः एक रकाना वाढवला. वर लिहिलंय 'हजेरी', खाली पाळीसकट नोंद. आजची अशी आहे: 'पहिली पाळी, ७:४०, माल मऊ, जोर नाही.' दुखणं १० पैकी ३.

काल चार दिवसांनी नळाला पाणी आलं तेव्हा चादरी धुवायला काढल्या, तर म्हणाले, आता एवढ्या कशाला लागतात. नाश्त्याला अर्धी भाकरी कुस्करून ताकात घेतली. शेंगाचटणी मागतायत. देऊ का, डॉक्टर?

भूलवाली · रविवार, सकाळी ९:३०

द्या की. वर तांब्याभर पाणी.